चार नोंदींचा राजा: बेकजेचा बॉप आणि साधनं वाचायची रीत

"मूळ साधन बघा" हा सल्ला पीएचडीच्या तयारीत तुम्हाला दर आठवड्याला कोणीतरी देतं. सल्ला बरोबरच आहे. पण पुढचा प्रश्न फारसा कोणी शिकवत नाही: दोन मूळ साधनं एकमेकांशी भांडायला लागली, तर काय करायचं? मोठ्या, प्रसिद्ध राजाच्या बाबतीत हा प्रश्न लपून राहतो, कारण शंभर नोंदींमधल्या दोन चुकल्या तरी चित्र फारसं बदलत नाही. म्हणून आज मुद्दाम एक छोटा राजा घेतोय. कोरियातल्या बेकजे राज्याचा एकोणतिसावा राजा, बॉप. गादीवर इ. स. ५९९ मध्ये आला आणि ६०० च्या पाचव्या महिन्यात वारला. दीड वर्षही पुरतं भरलं नाही.

मी मूळचा विज्ञान शाखेचा. त्यामुळे मला हे उदाहरण आवडतं: सॅम्पल अगदी लहान आहे, आणि एकेक नोंद किती वजन पेलतेय ते उघड्या डोळ्यांनी दिसतं.

आधी थोडी पार्श्वभूमी

सहाव्या शतकात कोरियन द्वीपकल्पावर तीन मोठी राज्यं होती. उत्तरेला गोगुर्यो, आग्नेयेला सिल्ला आणि नैर्ऋत्येला बेकजे. बेकजेने ५३८ मध्ये राजधानी साबीला, म्हणजे आजच्या बुयो शहराच्या जागी हलवली. ५५४ मध्ये सिल्लाशी झालेल्या लढाईत बेकजेचा राजा सॉंग मारला गेला आणि त्याचा मुलगा चांग गादीवर आला. मृत्यूनंतर त्याला 'विडॉक' हे नाव मिळालं. हा चांग पुढे लक्षात ठेवा, तोच या गोष्टीतला महत्त्वाचा साक्षीदार आहे.

विडॉक ५९८ च्या बाराव्या महिन्यात वारला. त्याच्या मागून त्याचा भाऊ ह्ये आला, तो ५९९ मध्ये गेला. मग ह्येचा मुलगा बॉप, तो ६०० मध्ये गेला. त्यानंतर आलेल्या मू राजाने मात्र ६४१ पर्यंत राज्य केलं. म्हणजे साधारण दीड वर्षात तीन राजे गेले.

इथे तुमच्या डोक्यात लगेच 'कटकारस्थान' हा शब्द आला असेल. थांबा. साधनात फक्त 'राजा वारला' एवढंच आहे. ह्ये हा सॉंग राजाचा दुसरा मुलगा असेल, तर ५५४ मध्ये वडील गेले तेव्हा तो आधीच जन्मलेला होता, आणि गादीवर येताना निदान चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांचा तरी होताच. थोरला भाऊ पंचेचाळीस वर्षं राज्य करून गेला हे बघता वय याहून बरंच जास्त असणं सहज शक्य आहे. म्हातारपण हे साधं कारण समोर असताना विषप्रयोग शोधायला जाऊ नये. संशय हा संशोधनाचा प्रश्न होऊ शकतो, निष्कर्ष होऊ शकत नाही.

ग्रंथ काय सांगतो

बॉपबद्दलचं मुख्य साधन आहे 'सामगुक सागी', म्हणजे तीन राज्यांचा इतिहास. गोर्यो दरबारातले विद्वान किम बूसिक यांच्या देखरेखीखाली तो ११४५ मध्ये पुरा झाला. पहिली गणितं इथेच करा: बॉप वारल्यापासून हा ग्रंथ लिहून होईपर्यंत ५४५ वर्षं गेली. बेकजे राज्यच ६६० मध्ये बुडालं होतं. ग्रंथकारांपुढे जुनी कोरियन आणि चिनी पुस्तकं होती, पण त्यातली बरीच कोरियन पुस्तकं आज आपल्यापर्यंत पोचलेली नाहीत.

त्यात बॉपच्या नावावर चार नोंदी आहेत.

पहिली: ५९९ च्या हिवाळ्यात, बाराव्या महिन्यात, त्याने प्राणिहत्येवर बंदी घातली. लोकांनी घरी पाळलेले ससाणे गोळा करून सोडून दिले आणि मासेमारीची व शिकारीची साधनं जाळून टाकली.

दुसरी: ६०० च्या पहिल्या महिन्यात त्याने वांगहुंगसा नावाचा विहार स्थापन केला आणि तीस जणांना भिक्षूची दीक्षा दिली. ('सा' म्हणजे विहार किंवा मंदिर. 'वांगहुंग' म्हणजे राजाचा उत्कर्ष.)

तिसरी: मोठा दुष्काळ पडला. राजा एका विहारात जाऊन पावसासाठी प्रार्थना करून आला.

चौथी: पाचव्या महिन्यात राजा वारला. त्याला 'बॉप' हे नाव दिलं गेलं. बॉप म्हणजे धर्म, बुद्धाचा धम्म.

संपलं. पुढे मू राजाच्या प्रकरणात ६३४ ची एक नोंद येते: वांगहुंगसा पूर्ण झाला, तो पाण्याच्या काठी होता, सजावट भव्य होती आणि राजा नावेत बसून तिथे धूप वाहायला जाई. दोन्ही नोंदी जोडल्या की सरळ गोष्ट तयार होते: बॉपने पाया घातला, मूने कळस चढवला. तेराव्या शतकात इर्योन या भिक्षूने लिहिलेला 'सामगुक युसा' हा ग्रंथ नेमकं हेच सांगतो, की बापाने पाया रचला आणि मुलाने इमारत उभी केली.

किती सुबक गोष्ट आहे! सातवं शतक उजाडताना धर्मनिष्ठ राजा विहार सुरू करतो आणि काही महिन्यांतच जातो. पुस्तकांत, लेखांत 'वांगहुंगसा, स्थापना इ. स. ६००' असं छापलं गेलं. प्रत्येक नवा लेखक आधीच्याचं वाक्य उचलत गेला. दहा पेपरांत एकच वर्ष दिसलं की आपल्याला दहा पुरावे असल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात पुरावा एकच असतो, बाकीचे नऊ त्याचे प्रतिध्वनी. लिटरेचर रिव्ह्यू करताना ही गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

जमिनीखालून काय निघालं

बुयोमध्ये, जुन्या राजवाड्याच्या डोंगरासमोर, नदीपलीकडच्या काठावर एक जुनी विहाराची जागा आहे. तिथे 'वांगहुंग' अशी अक्षरं असलेला कौलाचा तुकडा मिळाल्यामुळे ती वांगहुंगसाची जागा मानली गेली. बुयोच्या राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा संशोधन संस्थेने तिथे उत्खनन केलं. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये, लाकडी मनोऱ्याच्या मधल्या खांबाखालच्या दगडात कोरलेल्या खाचेत एक धातुकरंडक सापडला. बाहेर काशाचं भांडं, त्यात चांदीची कुपी, तिच्यात सोन्याची कुपी.

ही रचना आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्याच्या स्तूपात असेच एकात एक बसवलेले करंडक मिळाले होते. पूर्व आशियात अशा अस्थिधातूंना जो शब्द आहे तो 'शरीर' या संस्कृत शब्दावरूनच गेलेला आहे.

काशाच्या भांड्यावर एकोणतीस चिनी अक्षरं कोरलेली आहेत. आशय असा: डिंग-यू वर्षी, दुसऱ्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी, बेकजेचा राजा चांग याने दिवंगत राजपुत्रासाठी स्तंभ उभारला, धातू मुळात दोन होते, पुरताना दैवी चमत्काराने तीन झाले.

राजा चांग. म्हणजे विडॉक. बॉप नव्हे.

साल काढायचं कसं

'डिंग-यू' हे साठ वर्षांच्या चक्रातलं एक नाव आहे. दहा 'खोडं' आणि बारा 'फांद्या' अशा दोन माळा एकाच वेळी पुढे सरकतात. दहा आणि बाराचा लसावि साठ, म्हणून जोड्या एकशेवीस न होता साठच होतात आणि साठ वर्षांनी तेच नाव परत येतं. आपल्या प्रभव, विभव या साठ संवत्सरांचा हिशेब वेगळा असला तरी अडचण तीच: नुसत्या संवत्सराच्या नावावरून शतक कळत नाही. म्हणून तर आपले शिलालेख वाचताना नावासोबत शकाचा आकडा आहे का, हे आधी बघतात.

हे तुम्ही स्वतः करून बघा. इसवी सनातून ४ वजा करा, ६० ने भागा, उरलेल्या बाकीत १ मिळवा. तो चक्रातला क्रमांक. ५७७ वजा ४ म्हणजे ५७३. साठाने भागल्यावर बाकी ३३, अधिक १ म्हणजे ३४. डिंग-यू हे चौतिसावंच नाव आहे. पण मग ५१७ आणि ६३७ यांनाही तेच उत्तर येतं. कुठलं घ्यायचं? इथे राजाचं नाव कामाला येतं. चांगचं राज्य ५५४ ते ५९८. या खिडकीत डिंग-यू एकदाच पडतं: ५७७.

आणखी दोन गोष्टी याला दुजोरा देतात. एक, लेखात 'विडॉक' हे मरणोत्तर नाव नसून जिवंतपणीचं नाव आहे. म्हणजे लेख त्याच्या हयातीतला असणार. दोन, मनोऱ्याच्या पायाशी ठेवलेल्या वस्तूंमध्ये चीनच्या उत्तर छी राज्याची नाणी आहेत आणि ती नाणी ५५३ पासून पाडली गेली. नाण्यावरून नेमकं साल मिळत नाही, पण 'याच्या आधीचं नाही' अशी खालची मर्यादा मिळते. तीन स्वतंत्र धागे एकाच दिशेला ओढतायत. हेच आपल्याला हवं असतं.

तारीखही सहज निवडलेली नाही. दुसऱ्या महिन्याचा पंधरावा दिवस पूर्व आशियाई परंपरेत बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचा दिवस मानला जातो.

मग ग्रंथ खोटा का?

इथे बहुतेक विद्यार्थी घाई करतात. आपल्याकडे बखर आणि अस्सल कागद यांत भेद करायची शिकवण राजवाड्यांच्या काळापासून आहे, त्यामुळे 'समकालीन लेख जिंकला, ग्रंथ हरला' असं पटकन म्हणावंसं वाटतं. पण लेख पुन्हा वाचा. त्यात नेमकं काय *नाही*?

त्यात 'वांगहुंगसा' हे नावच नाही. आणि ज्या अक्षराचा मी 'स्तंभ' असा अर्थ दिला, त्याचा अर्थ मनोऱ्याचा मधला खांब असा होतो, तसाच संपूर्ण विहार असाही होतो. शिवाय 'दिवंगत राजपुत्र' मधलं 'दिवंगत' हे अक्षर काही अभ्यासकांनी 'तीन' असं वाचलं आहे, कारण कोरलेल्या रूपात ती दोन अक्षरं जवळ येतात. म्हणजे समकालीन साधन असलं तरी वाचन हे अर्थ लावणंच असतं.

मग शक्यता मांडू. आणि प्रत्येक शक्यतेपुढे 'ही खरी असेल तर जमिनीत काय दिसायला हवं' हे लिहू. हा भाग संशोधनाचा गाभा आहे.

पहिली शक्यता: ग्रंथ सरळ चुकला. तसं असेल तर इ. स. ६०० च्या सुमाराचं नवीन बांधकाम तिथे दिसायला नको.

दुसरी: ५७७ मध्ये फक्त मनोरा झाला, मुख्य दालनं पुढे बॉप आणि मूच्या काळात झाली. तसं असेल तर मनोऱ्याची आणि दालनांची कौलं, जोती, बांधणी यांत फरक दिसायला हवा.

तिसरी: विहार आधीच होता, बॉपने तो राजाश्रयाखाली घेऊन वाढवला आणि नवीन नाव दिलं. तसं असेल तर एकाच जागी दोन टप्पे दिसतील, आणि नाव असलेल्या वस्तू नंतरच्या टप्प्यात मिळतील.

चौथी: ग्रंथातला वांगहुंगसा ही जागाच नव्हे. पण मग नाव कोरलेलं कौल इथे कसं, आणि नदीकाठ, नावेने जाणं हे वर्णन इथे इतकं का जुळतं, याचं उत्तर द्यावं लागेल.

यावर अभ्यासकांची मतं आजही वेगवेगळी आहेत. पण बघा, '५७७ की ६००?' हा होय-नाहीचा प्रश्न आता 'कुठला भाग कधी बांधला?' असा झाला. हा प्रश्न जास्त चांगला आहे, कारण त्याचं उत्तर खणून, मोजून, तुलना करून शोधता येतं. तुमच्या सिनॉप्सिसमधला प्रश्न असा आहे का, हे एकदा तपासा.

तेवीस वर्षांनी काय बिघडतं?

"५७७ काय आणि ६०० काय, दीड हजार वर्षांनंतर कोणाला फरक पडतो?" असं कोणी विचारलं तर उत्तर तयार ठेवा. जपानमधला पहिला मोठा विहार, आसुकादेरा, याच्यासाठी बेकजेने ५८८ मध्ये धातू आणि कारागीर पाठवले, आणि ५९३ मध्ये त्याचा मधला खांब उभा राहिला, असं 'निहोन शोकी' हा जपानी इतिहासग्रंथ सांगतो. वांगहुंगसा ६०० चा धरला तर तो आसुकादेराच्या नंतरचा ठरतो. ५७७ चा धरला तर आधीचा. म्हणजे दोन्हींतल्या बांधणीच्या किंवा पुरलेल्या वस्तूंच्या साम्याचा अर्थ लावताना बाणाची दिशा बदलते. आणि याच ग्रंथानुसार बेकजेने जपानला विहार बांधणारा आणि मूर्ती घडवणारा कारागीर पाठवला ते सालही ५७७ च. तेवीस वर्षांत कोण कोणाकडून शिकलं हेच उलटसुलट होऊ शकतं.

न लिहिलेल्याचा अर्थ

आता सामगुक सागीत विडॉकच्या प्रकरणातलं ५७७ हे साल उघडून बघा. तिथे चीनमधल्या दोन राज्यांकडे पाठवलेले दूत आहेत आणि सिल्लाच्या हद्दीवर केलेला, फसलेला हल्ला आहे. राजपुत्राचा मृत्यू नाही. विहार नाही. म्हणजे ग्रंथकारांच्या हाती जी साधनं आली त्यांत दूत आणि लढाया होत्या, घरातलं दुःख नव्हतं. नोंद नाही म्हणून घटना घडली नाही, असं म्हणता येत नाही. एका बापाने मेलेल्या मुलासाठी कोरून ठेवलेली ओळ चौदाशे तीस वर्षं एका दगडाखाली होती.

हाच नियम बॉपलाही लावा. त्याच्या चारपैकी तीन नोंदी धर्माच्या आहेत. तो खरंच इतका धार्मिक होता, की त्याला 'धर्म' हे नाव मिळाल्यामुळे धार्मिक कृत्यंच जपली गेली? हत्याबंदीचा हुकूम ५२९ मध्ये सिल्लाच्या बॉपहुंग राजाच्या नावावरही नोंदलेला आहे, त्याच्याही नावात 'बॉप' आहे. धर्मराजाने काय करावं याचा एक साचा तेव्हा तयार होता, हे नाकारता येत नाही. पण ससाणे सोडणं, जाळी जाळणं हा तपशील साच्यापेक्षा जरा जास्त ठोस आहे. मी या नोंदीपुढे 'शक्य, एकच साधन' असं लिहीन. 'खरं' आणि 'खोटं' यांच्या मध्ये असा एक तिसरा रकाना ठेवायला लाजू नका.

वंशावळीतही तीच गत. ६३६ मध्ये पुरा झालेला चिनी 'सुई शू' बॉपला चांगचाच मुलगा म्हणतो आणि ह्येला पूर्ण वगळतो. सामगुक सागीच्या संपादकांनी हा फरक लपवला नाही, टीप देऊन नोंदवला. साडेआठशे वर्षांपूर्वीची ही संशोधकीय सचोटी मला फार मोलाची वाटते.

अजून एक उदाहरण, थोडक्यात

सामगुक युसा एके ठिकाणी वांगहुंगसा आणि मिरुकसा एकच असल्याचं म्हणतो. प्रत्यक्षात मिरुकसा दुसऱ्या गावी, इकसानला आहे. तोच ग्रंथ सांगतो की मिरुकसा मू राजाने आपल्या राणीच्या, म्हणजे सिल्लाची राजकन्या सॉन्ह्वा हिच्या इच्छेवरून बांधला. ही प्रेमकथा कोरियात घराघरांत ठाऊक आहे. २००९ मध्ये मिरुकसाचा दगडी मनोरा दुरुस्तीसाठी उतरवताना सोन्याचा पत्रा सापडला. त्यावर ६३९ ची तारीख आहे आणि दान देणारी राणी आहे बेकजेच्याच साटेक घराण्यातल्या सरदाराची मुलगी. सॉन्ह्वाचं नाव नाही. याने राजकन्या काल्पनिक ठरली का? नाही, राजाला एकाहून जास्त राण्या असू शकतात. पण 'मिरुकसा सॉन्ह्वाने बांधवला' हे वाक्य आता पूर्वीसारखं बेधडक लिहिता येणार नाही.

तुमच्यासाठी काम

तुमच्या विषयातलं असं एक वाक्य घ्या जे सगळे पेपर निर्धास्तपणे लिहितात. विषय इतिहासाचा असो की रसायनशास्त्राचा, फरक पडत नाही. मग चार रकाने आखा. हे वाक्य सर्वांत आधी कोणी लिहिलं? त्याच्या हाती काय पुरावा होता? मूळ घटना किंवा प्रयोग आणि ते लिखाण यांत किती अंतर आहे? आणि हे चुकीचं असेल, तर आपल्याला कुठे, काय सापडायला हवं?

चौथा रकाना भरताना पेन थांबेल. थांबू द्या, त्यावर दोन दिवस घालवा. गाईडकडे जाल तेव्हा पहिले तीन रकाने नंतर दाखवा, चौथा आधी.